परिचर्येची पदवी आणि आमच्या मुली

बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्त्यांतून एक प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो. मुलीला विज्ञान शाखेत बरे गुण आहेत, परंतु वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडावे इतके ते नाहीत. तेव्हा आता तिने पुढे काय करावे? कोणी शेजारी सुचवितो की नर्सिंगला घाला, लगेच नोकरी लागेल. दुसरा म्हणतो, चार वर्षांची पदवी हवी कशाला, दोन वर्षांचा कोर्स केला तरी ती कमावू लागेल. तिसऱ्याच्या खिशात कोणा दलालाचा पत्ता असतो, आणि हा दलाल परीक्षेवाचून परप्रांतात जागा मिळवून देण्यास एका पायावर तयार असतो. घरातील वडीलधारी मंडळी मात्र रात्रपाळीचे नाव निघताच गप्प होतात. या गलबल्यात त्या मुलीला काय वाटते, हे बहुधा कोणी विचारीत नाही.

आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. ज्या घरातील मुलीला वा मुलाला परिचर्येच्या क्षेत्रात जावयाचे आहे आणि ज्याच्या हाती विज्ञान शाखेची बारावी आहे, त्या घराने विद्यापीठाच्या पदवीचाच, म्हणजे चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचाच विचार करावा. वर्ष-दोन वर्षांच्या कमाईच्या लोभाने खालची पायरी पत्करू नये. हे आम्ही भावनेच्या भरात सांगत नाही. त्यामागे हिशेब आहे, आणि त्या हिशेबामागे एक इतिहासही आहे.

इतिहास असा की शुश्रूषा ही आमच्या घरांना नवी नव्हे. महाराष्ट्रातील अनेक गावांत सुईणीचे काम मांग, महार अशा जातींच्या स्त्रियांकडे होते. पाटलाची सून अडली की मध्यरात्री महारवाड्यात वा मांगवाड्यात माणूस धावत येई. त्या क्षणी विटाळ आड येत नसे. नाळ कापली जाई, वार पुरली जाई, बाळंतीण न्हाऊ-माखू घातली जाई. आणि मग घर शुद्ध करून घेतले जाई, तेही बहुधा त्याच सुईणीच्या स्पर्शापासून. मोबदला म्हणून सुपातील धान्य आणि एखादे जुने लुगडे. तिच्या हातात पिढ्यान्पिढ्यांचे ज्ञान होते. परंतु त्या ज्ञानाला नाव नव्हते, प्रमाणपत्र नव्हते, नोंदवहीत नोंद नव्हती. म्हणून त्याला भावही नव्हता. ज्ञान असूनही केवळ कागद नसल्यामुळे माणूस कसा लुबाडला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरीकडे, इंग्रजी अमदानीत इस्पितळे निघाली तेव्हा परक्याच्या मलमूत्राला व रक्ताला हात लावण्याचे काम वरिष्ठवर्णीय घरांतील स्त्रियांना अमंगळ वाटले. परिचर्येचे रीतसर शिक्षण प्रथम घेतले ते मुख्यतः ख्रिस्ती मुलींनी. आमच्या स्त्रिया त्याच इस्पितळांत होत्या, परंतु त्यांच्या हातात झाडू आणि बादली होती. एका वॉर्डात एकीच्या हाती तापमापक आणि दुसरीच्या हाती फडके, ही विभागणी बुद्धीने ठरविली नव्हती. शिक्षण कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, यावर ती ठरली. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा अखंड हिंदुस्थानात अवघ्या सुमारे ७,००० परिचारिका होत्या. ४३,००० लोकांमागे एक, असे ते प्रमाण पडते. त्याच १९४६ साली दिल्लीचे कॉलेज ऑफ नर्सिंग, जे पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले गेले, आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या दोन ठिकाणी या देशात परिचर्येची विद्यापीठीय पदवी प्रथम सुरू झाली. त्यापूर्वी परिचारिका घडत होत्या त्या इस्पितळातील उमेदवारीतून. विद्यापीठाला त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

या व्यवसायाविषयी बोलताना ‘सेवा’ हा शब्द फार वापरला जातो. सभासमारंभांतून परिचारिकेला देवदूत म्हणावयाचे आणि महिनाअखेरीस तिच्या हातावर तुटपुंजे वेतन ठेवावयाचे, ही रीत सर्वत्र दिसते. आमच्या वाचकांपैकी काही जण येथे विनयपिटकातील प्रसंगाची आठवण देतील. अतिसाराने जर्जर होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदांसह त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि खाटेवर निजविले. प्रसंग खराच थोर आहे. परंतु त्याच ठिकाणी रुग्णाची शुश्रूषा करणारा कसा असावा, याचीही लक्षणे दिली आहेत, आणि ती आपण नीट वाचत नाही. पहिले लक्षण करुणा हे नाही. औषध तयार करता येणे, हे पहिले लक्षण आहे. रुग्णाला काय हितकर व काय अहितकर हे जाणणे, हे दुसरे. मैत्रीचित्त त्यानंतर येते. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही आधी ज्ञान आणि मग कळवळा, असाच क्रम होता. शुश्रूषा लाभासाठी नसावी असेही तेथे म्हटले आहे, हे आम्ही लपवीत नाही; परंतु तो उपदेश भिक्खूंना आहे, ज्यांना ना घरभाडे द्यावयाचे असते ना धाकट्या भावाची फी. गृहस्थाश्रमी परिचारिकेला तो ऐकवून तिचे वेतन कापण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाच्या मालकाला पोहोचत नाही.

सावित्रीबाईंचे स्मरणही येथे अपरिहार्य आहे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या. तो संसर्ग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी हातमोजे नव्हते, संसर्गनियंत्रणाचा पाठ नव्हता. आज बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्राबरोबर संसर्गनियंत्रण हा विषय शिकवितात. त्याची किंमत कोणी मोजली आहे, हे आमच्या मुलींनी त्या तासाला अवश्य आठवावे.

आता या पदवीत काय शिकवितात हे थोडक्यात पाहू. कारण ‘इंजेक्शन देणे आणि ताप पाहणे’ एवढीच कल्पना पुष्कळ पालकांची असते. भारतीय परिचर्या परिषदेची सुधारित नियमावली २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम आहे. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, पोषण, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, प्रौढांची व बालकांची शुश्रूषा, मानसिक आरोग्य, प्रसूती, सामाजिक आरोग्य, संशोधन व संख्याशास्त्र, व्यवस्थापन आणि अखेरच्या सत्रात आंतरवासिता. पाचव्या सत्रात न्यायवैद्यक परिचर्या व भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा एक विषय आहे. वकिलीच्या व्यवसायातील माणसाला त्याचे विशेष अप्रूप वाटले तर नवल नाही. मारहाणीच्या वा अत्याचाराच्या खटल्यात पीडितेला प्रथम कोणत्या अवस्थेत आणले, अंगावर कोणत्या जखमा होत्या, कपडे कोणी ताब्यात घेतले, याची पहिली नोंद कित्येकदा परिचारिकेच्या हातची असते. ती नोंद नीट असली तर न्यायालयात उभी राहते. गबाळी असली तर आरोपीच्या वकिलाचे निम्मे काम आपोआप होते. अत्याचारग्रस्त वस्तीतील स्त्री जेव्हा रात्री दोन वाजता सरकारी इस्पितळात पोहोचते, तेव्हा समोरच्या टेबलाशी कायदा जाणणारी परिचारिका बसलेली असणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

पदवी आणि पदविका यांतील भेद मात्र विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण फसगत येथेच होते. एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम हा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तीन वर्षे आणि चार वर्षे यांत अंतर एका वर्षाचेच. परंतु जीएनएम झालेल्या मुलीला पुढे पदवी घ्यावयाची झाल्यास पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षे आणखी द्यावी लागतात. म्हणजे चार वर्षांत होणारे काम पाच वर्षांत होते, आणि मध्ये नोकरी, विवाह, मूल असे काही आले की ते होतच नाही. एम.एस्सी. करून महाविद्यालयात अध्यापन करावयाचे तर पदवीवाचून मार्ग नाही. दिल्ली व इतरत्र असलेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे ज्यांना लोक ‘एम्स’ म्हणतात, त्यांच्या परिचर्या अधिकारी पदासाठी २०२० पासून सामायिक भरती परीक्षा होते. त्या परीक्षेला पदवीधर मुलगी नोंदणी होताच बसू शकते. जीएनएमधारकाला मात्र किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. या पदाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे दरमहा ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. हिशेब ज्याने त्याने करावा. अर्थात्, ज्या मुलीने कला शाखेतून बारावी केली आहे तिला बी.एस्सी.चे दार बंद आहे आणि तिने जीएनएम केले तर त्यात कमीपणा मुळीच नाही. आमचा आक्षेप आहे तो विज्ञान शाखेची, गुण असलेली मुलगी केवळ घाईमुळे खालच्या पायरीवर बसविण्याला.

पात्रतेचे नियम कठीण नाहीत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावेत आणि त्यांत एकूण ४५ टक्के गुण असावेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ४० टक्के आहे. आपल्या राज्यात राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र परीक्षा घेतो. त्या परीक्षेत वरील चार विषयांच्या जोडीला परिचर्येचा कल तपासणारे प्रश्न असतात. ‘नीट’मध्ये गुण पडले नाहीत म्हणजे सारे संपले, अशी समजूत करून घेऊन या दुसऱ्या परीक्षेचा अर्जच न भरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. सैन्यदलाच्या परिचर्या महाविद्यालयांत, ज्यांपैकी एक पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाशी निगडित आहे, प्रवेश मात्र ‘नीट’च्या गुणांवरच होतो आणि तो मुलींसाठीच आहे. तेथून पदवी घेऊन निघालेली मुलगी लेफ्टनंट म्हणून रुजू होते.

इंग्रजीचा बाऊ मात्र खरा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला शरीररचनेचे जाडजूड पुस्तक पहिल्या महिन्यात भिंतीसारखे वाटते. पहिल्या सत्रात इंग्रजी संभाषणाचा विषय असतो हे खरे, पण तेवढ्यावर भागत नाही. बारावीची परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधले दोन-तीन महिने मोकळे जातात. त्या काळात वस्तीतील एखाद्या पदवीधराने रोज एक तास चार मुलींना इंग्रजीतील शरीरशास्त्राची पाने वाचून दाखविली, तर शंभर सत्कारांपेक्षा ते काम मोठे ठरेल.

आता आम्ही अशा विषयाकडे वळतो की ज्यात नवदीक्षित कुटुंबांचे सर्वांत अधिक नुकसान होते. तो विषय म्हणजे जातीचा दाखला. हा शब्द उच्चारताच काही बंधू अस्वस्थ होतात. धम्म स्वीकारला, जात टाकली, मग पुन्हा ती कागदावर कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न सन्मान्य आहे. परंतु कायद्याचे उत्तर वेगळे आहे आणि ते समजून घेतलेच पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले तेव्हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती नव्हत्या. महाराष्ट्र राज्याने त्या १९६० साली आपल्या अखत्यारीत दिल्या. केंद्राला मात्र १९९० उजाडावे लागले. त्या वर्षी आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्यासोबत बौद्ध हा शब्द आला. तेव्हापासून बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. मात्र हा हक्क मूळ जात त्या यादीत आहे म्हणून आहे, बौद्ध असल्यामुळे नव्हे. जे कुटुंब अन्य समाजातून धम्मात आले आहे, त्याला धम्मप्रवेशाने अनुसूचित जातीची जागा मिळत नाही. हे कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि मग प्रवेशाच्या दिवशी रडारड होते.

म्हणून नुसते ‘बौद्ध’ असे लिहिलेला शाळेचा दाखला पुरा पडत नाही. धर्मांतरित बौद्धांसाठी असलेल्या नमुन्यातील दाखल्यात मूळ जात नमूद असावी लागते. तो दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, देतात. आणि त्याची वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तपासते. २००० च्या कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे, सरकारची नव्हे. अनुसूचित जातीसाठी मानीव दिनांक १० ऑगस्ट १९५० हा आहे. म्हणजे त्यापूर्वी आपले घराणे या राज्याच्या हद्दीत होते आणि अमुक जातीचे होते, हे दाखवावयाचे असते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक, महसुली अभिलेख, जुने खरेदीखत, यांवर सारे अवलंबून असते. ज्या आजोबांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसविले त्यांच्या शाळेचा दाखला नातीकडे मागितला जावा, यातील क्रूर विनोद आमच्या ध्यानात येत नाही असे नाही. तरी कागद शोधावाच लागतो. शाळेचा नसेल तर तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल मिळते. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात, म्हणजे सख्खे वा चुलत काका, आत्या, भाऊ यांपैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर ते फार भक्कम पुरावा ठरते. तेथे लबाडी झाल्याचे आढळले नाही तर त्याच घराण्यातील दुसऱ्या व्यक्तीला ते नाकारू नये, असा न्यायालयांचा कल राहिला आहे. ज्या भावकीत एकाकडे असे प्रमाणपत्र आहे, त्याने त्याची नक्कल द्यावयास कुरकुर करू नये. अशी कुरकुर होते, हे आम्ही जाणून लिहितो.

पैशांविषयी. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, तो हा काळ. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास आपल्या राज्यात शिकवणी व परीक्षा शुल्काच्या माफीची वेगळी योजना आहे. अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर करावयाचा असतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तीतून वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलेले आहे. परंतु एक अट डोळ्यांत तेल घालून वाचावी. व्यवस्थापन कोट्यातून किंवा गुणवत्तेची पारदर्शक रीत टाळून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती नाही. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ लिहिले आहे. दलाल जी जागा ‘विना परीक्षा’ देतो ती याच जातीची असते. तो शिष्यवृत्तीचे आश्वासन देतो, बाप शेत गहाण टाकून पहिला हप्ता भरतो, आणि दुसऱ्या वर्षी कळते की सारे शुल्क घरूनच भरावयाचे आहे.

दलालाचे महाविद्यालय मुळात महाविद्यालय असते का, हा पुढचा प्रश्न. मध्य प्रदेशात अलीकडेच जे घडले ते महाराष्ट्रातील पालकांनीही विसरू नये. तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने तीनशेहून अधिक परिचर्या महाविद्यालयांची तपासणी केली आणि त्यांतील कित्येक अपात्र वा अपुऱ्या सोयींची निघाली. २०२४ साली तर तपासणी करणाऱ्यांपैकीच काही जण लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. या साऱ्या काळात हजारो विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या. त्यांचा अपराध एवढाच की त्यांनी इमारतीवरील पाटी वाचली आणि मान्यतेचा कागद वाचला नाही. आपल्या राज्यात महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे काय, चालू वर्षासाठी त्याला परिषदेची मान्यता आहे काय आणि किती जागांची, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या रुग्णालयात मुली शिकणार ते स्वतः जाऊन पाहावे. खाटांवर रुग्ण आहेत की नाहीत, हे कळावयास वैद्यकीय ज्ञान लागत नाही. पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची उपस्थिती शंभर टक्के भरावी लागते. रिकाम्या वॉर्डात ती कागदावर भरता येईल, हातात कला येणार नाही.

प्रवेशाच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात एक मुद्रांकाचा कागद सरकविला जातो. पदवीनंतर आमच्याच रुग्णालयात इतकी वर्षे नोकरी करीन, न केल्यास इतके लाख देईन, असा त्याचा मजकूर. अशा कागदांपुढे आमची माणसे फार लवकर भितात. कायदा असा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास समर्थच नाही. १८७२ च्या करार अधिनियमाचे अकरावे कलम आणि १९०३ चा मोहोरीबीबी खटल्यातील प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय यांनी हे पक्के केले आहे. सतरा वर्षांच्या मुलीने केलेली सही तिला बांधीत नाही. परंतु शेजारी पालकाची सही घेतलेली असते, आणि तिचा प्रश्न वेगळा आहे. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नये आणि कागदाची नक्कल घेतल्याशिवाय उठू नये. सज्ञान झाल्यावर केलेला प्रत्येक बंधपत्राचा करार रद्दच ठरतो, असेही कोणी समजू नये. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षे नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध मानली आहे. मात्र कराराच्या चौऱ्याहत्तराव्या कलमाप्रमाणे कागदावर लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते. भरपाई मिळते ती वाजवी तेवढीच. आणि मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार तर कोणत्याही महाविद्यालयाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली हे स्पष्ट बजावले आहे. प्रमाणपत्रे मागूनही मिळत नसतील तर तोंडी विनवण्या थांबवून लेखी मागणी करावी, पोच घ्यावी, आणि विद्यापीठाकडे तक्रार द्यावी.

नोकरीतील वेतनाविषयी खोटी आशा आम्ही दाखविणार नाही. सरकारी व खाजगी यांतील दरी मोठी आहे. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये आदेश दिला आणि केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितले की दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात वेतन राज्य सरकारच्या परिचारिकेइतके असावे, शंभराहून अधिक खाटा असतील तर दहा टक्क्यांपेक्षा कमी पडू नये, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी पडू नये, आणि पन्नासच्या आत कोठेही २०,००० रुपयांखाली जाऊ नये. केंद्राने राज्यांना तसे कळविले. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि रुग्णालयांच्या मालकांना विधिमंडळाची वाट परिचारिकांपेक्षा अधिक परिचयाची आहे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे. त्यात शिक्षणाचे, नोंदणीचे, प्रवेशपरीक्षेचे बरेच काही आहे. किमान वेतनाचा आकडा नाही. तो आकडा संघटनेवाचून येणार नाही. म्हणून पदवीबरोबर मुलीने आपल्या व्यवसायाच्या संघटनेचे सभासदत्वही घ्यावे, आणि घरच्यांनी ‘नोकरी सांभाळ, भानगडीत पडू नको’ असा सल्ला देण्याआधी दोनदा विचार करावा.

रात्रपाळीचा प्रश्न उरतो. मुलगी रात्री घराबाहेर राहणार, परपुरुषाच्या देहाला हात लावणार, मग तिला स्थळ कोण देईल, असे आपल्याकडेही बोलले जाते. हे बोल आमचे नव्हेत. ज्यांच्या घरांत स्पर्शाचे शास्त्र होते त्यांच्याकडून ते आपण उसने घेतले आहेत. आमच्या आज्या गिरणीच्या पाळीला गेल्या, पहाटे रस्ते झाडावयास गेल्या, मध्यरात्री बाळंतपणाला गेल्या. तेव्हा कोणी स्थळाची चिंता केली नव्हती, कारण त्या कामाला प्रतिष्ठा नव्हती. आता प्रतिष्ठेचे काम आले तेव्हा मात्र कुळाची आठवण होते! चिंता करावयाचीच तर रात्रपाळी संपवून पहाटे घरी येण्याची वाहनाची सोय रुग्णालय देते की नाही, विश्रांतीची खोली आहे की नाही, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती नेमली आहे की नाही, याची करावी. आणि हा व्यवसाय केवळ मुलींचा आहे असेही नाही. मुलांनाही ही पदवी घेता येते; ज्या घरात मुलाला तीन वर्षे कोणत्याही शाखेत बसवून बेकार ठेवले जाते, त्या घराने याचाही विचार करावा.

ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत त्यांनी जातवैधतेचा अर्ज महाविद्यालयामार्फत याच वर्षी समितीकडे पाठवावा. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांची रांग फार लांब असते. तत्पूर्वी गावच्या तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढून ठेवावी, आणि आजोबांच्या नावाचे स्पेलिंग, आडनाव व मूळ गाव सर्व कागदांवर एकच आहे काय हे एकदा उजेडात बसून ताडून पाहावे. तफावत असल्यास त्याविषयीचे शपथपत्र आधीच करून घ्यावे.